सामानाची यादी

जून महिना सरत आला की आपल्याकडील कोणत्याही बसस्थानकावर किंवा रेल्वेच्या फलाटावर एक दृश्य हमखास दिसते. नवी कोरी बॅग, तिच्या शेजारी दोरीने करकचून बांधलेली गादी, एक प्लास्टिकची बादली, बादलीत कोंबलेले साबण-तेलाचे सामान आणि या सगळ्याभोवती उभे असलेले एक कुटुंब. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी उच्च शिक्षणासाठी परगावी निघालेली असते. आई तिसऱ्यांदा विचारते, "चार्जर घेतलास ना?" वडील खिशातले तिकीट पुन्हा एकदा काढून पाहतात. मनात जे दाटलेले असते त्यातले काहीच कोणी बोलत नाही. सारे बोलणे चालते ते सामानाविषयी.

हे बोलणे मला कधीच क्षुल्लक वाटले नाही. आपल्या समाजात माया शब्दांतून क्वचितच व्यक्त होते. ती डब्यातल्या लाडवांतून, चादरीच्या घडीतून आणि लोणच्याच्या बरणीला गुंडाळलेल्या फडक्यातून व्यक्त होते. तरीही महाविद्यालयात अनेक वर्षे शिकवताना आणि दोन मुलांची आई म्हणून वावरताना माझे एक मत पक्के होत गेले आहे. मुलांना घराबाहेर पाठवताना आपण सामानाची यादी मोठ्या काळजीने करतो. परंतु ज्या गोष्टींची त्यांना खरी गरज पडणार असते, त्या नेमक्या त्या यादीत नसतात. आपण त्यांना वस्तू देतो, व्यवहार देत नाही.

मी स्वतः १९८७ साली सांगली जिल्ह्यातील एका खेड्यातून कोल्हापूरला शिकायला गेले. अण्णा प्राथमिक शिक्षक होते. त्यांनी माझ्यासाठी पत्र्याची एक ट्रंक आणली आणि तिच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सामानाची यादी खळीने चिकटवली. सतरंजी, तांब्या, कंदील, सुईदोरा अशी ती यादी होती. तिच्यातली शेवटची नोंद होती, 'पोस्टकार्डे १२'. त्या बाराही कार्डांवर अण्णांनी आपल्या वळणदार अक्षरात घरचा पत्ता आधीच लिहून ठेवला होता. मागची बाजू मात्र कोरी होती. मी हसले तेव्हा ते म्हणाले, "पत्ता माझा, मजकूर तुझा." त्या वेळी मला ती केवळ गंमत वाटली. पालकत्वाची एक पुरी रीत त्या चार शब्दांत होती, हे कळायला मला स्वतःची मुले घराबाहेर पडेपर्यंत थांबावे लागले.

कोल्हापूर हे विद्यार्थ्यांना आसरा देणारे गाव. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ सालापासून तेथे निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी करण्यास चालना दिली. खेड्यातला मुलगा हुशार असला, तरी शहरात राहायचे कोठे आणि जेवायचे काय, या दोन प्रश्नांपाशीच त्याचे शिक्षण संपते, हे महाराजांनी ओळखले होते. पुढे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ साली साताऱ्यात छत्रपती शाहूंच्या नावाने वसतिगृह सुरू केले. निरनिराळ्या जातींची मुले तेथे एकत्र राहत, एकत्र जेवत आणि वसतिगृहाची कामेही स्वतः करत. या मुलांच्या पोटाला कमी पडू नये म्हणून लक्ष्मीबाई पाटील यांनी आपल्या अंगावरचे दागिने मोडले. मुलांसाठी इतके सोसणाऱ्या या दांपत्याने त्यांना कामापासून मात्र दूर ठेवले नाही. स्वावलंबन हा तेथे शिक्षणाचाच भाग होता. माया आणि जबाबदारी यांत विरोध नाही, हे आपल्या मातीत शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध झाले आहे.

असे असूनही मी माझ्या थोरल्या मुलाच्या बाबतीत चुकले. ती चूक येथे मोकळेपणाने सांगावी असे मला वाटते, कारण ती माझ्या एकटीची नाही.

२०१६ साली तो अभियांत्रिकीसाठी पुण्याला गेला. त्याने फक्त अभ्यास करावा, बाकी सारे आम्ही पाहू, असे आम्ही ठरवले होते. प्रवेशाचे अर्ज त्याच्या वडिलांनी भरले. खोली आम्ही शोधली, अनामत रक्कम आम्ही दिली, खानावळवाल्या काकूंशी बोलणेही मीच केले. बँकेतले खाते त्याच्या नावाचे असले तरी त्याला जोडलेला मोबाइल क्रमांक वडिलांचा होता. त्याने शंभर रुपये काढले तरी इकडे संदेश वाजत असे. आम्हाला ही सोय फार सुरक्षित वाटे. मुलगा दृष्टीआड असला तरी नजरेत आहे, असे आम्ही एकमेकांना सांगत असू.

ऑक्टोबर महिन्यात एकदा सलग आठ दिवस पैसे काढल्याचा संदेश आला नाही. यजमान कौतुकाने म्हणाले, "बघ, आता हात आखडून खर्च करायला शिकला." फोनवर तो रोज "बरा आहे, आई" एवढेच सांगत होता. नवव्या दिवशी त्याच्या खोलीतल्या मित्राचा फोन आला. मुलाला कावीळ झाली होती आणि आठ दिवस तो अंथरुणावर होता. पैसे काढले गेले नव्हते, कारण त्याला उठून खालपर्यंत जाण्याचेही त्राण नव्हते.

आम्ही धावत गेलो, उपचार झाले आणि तो महिनाभरात बरा झाला. पण रुग्णालयाच्या बाकावर बसून मी त्याला विचारले, "अरे, डॉक्टरकडे का गेला नाहीस?" त्याने दिलेले उत्तर मी विसरू शकत नाही. तो म्हणाला, "कोणत्या डॉक्टरकडे जायचे ते मला कळेना. विम्याचे कागद कोठे आहेत ते ठाऊक नव्हते. आणि तुम्हाला सांगितले असते, तर तुम्ही मला घरी नेले असते." अठरा वर्षांचा, गणितात पैकीच्या पैकी गुण मिळवणारा मुलगा एकट्याने दवाखान्याची पायरी चढू शकला नव्हता, कारण आम्ही त्याला ती कधी चढूच दिली नव्हती. आम्ही त्याच्या खात्यावर नजर ठेवून होतो, त्याच्यावर नाही.

येथे काही पालक आक्षेप घेतील आणि तो आक्षेप पोकळ नाही. ते म्हणतील, "आजची स्पर्धा जीवघेणी आहे. मुलांचा एकेक तास मोलाचा आहे. बँकेच्या रांगेत आणि किराणा दुकानात तो कशाला दवडायचा? शिवाय बाहेरचे जग पूर्वीसारखे राहिलेले नाही. फसवणूक आहे, व्यसने आहेत. लक्ष ठेवायला नको का?" लक्ष जरूर ठेवावे. मात्र मुलाचा वेळ वाचवण्यासाठी आपण त्याची कामे करतो, तेव्हा तो वेळ वाचत नाही, केवळ पुढे ढकलला जातो. ती कामे त्याला पुढे एकट्याने, अनोळखी गावात आणि बहुधा अडचणीच्या क्षणी शिकावी लागतात. घरी शिकताना चूक झाली तर फार तर भात करपतो. परगावी झालेली चूक आठ दिवसांच्या तापाइतकी महाग पडू शकते. फसवणुकीचे म्हणाल, तर ज्याने कधी व्यवहार केलेला नाही, त्यालाच फसवणे सर्वांत सोपे असते.

म्हणून धाकट्या मुलीच्या वेळी आम्ही रीत बदलली. २०२३ साली तिला हैदराबादला जायचे होते. त्याआधी उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभराचा घरखर्च आम्ही तिच्या हाती सोपवला आणि घर चालवायला सांगितले. दूध, भाजी, वाणसामान, विजेचे बिल, गॅस आणि वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळ्या हे सारे तिने पाहायचे होते. पहिल्या पंधरवड्यात घरात पनीर आणि आंब्यांची चंगळ झाली. बावीस तारखेला पैसे संपले. त्यानंतर आठवडाभर आम्ही पिठले-भाकरी आणि आमटी-भातावर काढला. यजमानांचा हात दोनदा खिशाकडे गेला. मी तो दोन्ही वेळा मागे घ्यायला लावला. महिन्याअखेर तिने एक वही आणली, मधोमध रेघ मारली आणि जमा-खर्च लिहायला सुरुवात केली. आम्ही तिला वही आणायला सांगितले नव्हते.

कागदपत्रांचेही तसेच. प्रवेशाच्या वेळी गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवासाचा, उत्पन्नाचा आणि लागू असल्यास जातीचा दाखला व जात वैधता प्रमाणपत्र असे अनेक कागद लागतात. तहसील कार्यालयातून मिळणाऱ्या दाखल्यांना वेळ लागतो. शेवटच्या आठवड्यात धावाधाव करून ते हाती येत नाहीत. ही कामे मुलांकडूनच करवून घ्यावीत. कोणता कागद कोणत्या कार्यालयातून मिळतो हे कळणे, हा नागरिकशास्त्राचा सर्वांत उपयुक्त धडा होय. मूळ प्रमाणपत्रे तपासून झाल्यावर परत घ्यायची असतात. शिक्षणसंस्थेने ती अडकवून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. हा नियम मुलाला ठाऊक असला, तर खिडकीमागच्या माणसाशी तो नम्रपणे पण ठामपणे बोलू शकतो.

शैक्षणिक कर्जाविषयी तर अधिकच सावधपणा हवा. चार लाख रुपयांपर्यंतच्या कर्जाला बँका सामान्यतः तारण मागत नाहीत आणि परतफेड साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यानंतर सुरू होते. मात्र मधल्या काळातही व्याजाची आकारणी चालू असते, ही गोष्ट अनेक घरांत फार उशिरा लक्षात येते. या कर्जाच्या कागदावर विद्यार्थ्याचीही सही असते. वडिलांनी बोट ठेवावे आणि मुलाने न वाचता सही करावी, ही प्रथा मोडली पाहिजे. आपल्या शिक्षणाची किंमत किती आणि ती कोण, कधी फेडणार आहे, हे जाणण्याचा मुलांना हक्क आहे. घराची आर्थिक स्थिती त्यांच्यापासून लपवणे म्हणजे त्यांना सुखात ठेवणे नव्हे. ज्याला घरातली ओढाताण ठाऊक आहे तो जपून खर्च करतो. ज्याला ती ठाऊक नाही तो अजाणता आपल्यालाच दुखावतो.

संकटाच्या वेळी कोणाला हाक मारायची, हेही शिकवावे लागते. आपण मुलांना सांगतो, "काही झाले तर आम्हाला फोन कर." पण सहाशे किलोमीटरवर असलेले आईवडील मध्यरात्री काय करू शकणार? कोणत्याही आणीबाणीत ११२, रॅगिंगविरोधी मदतीसाठी १८००-१८०-५५२२, मनावर ताण असह्य झाला तर १४४१६ आणि ऑनलाइन फसवणूक झाली तर १९३० हे क्रमांक मुलाच्या वहीत लिहिलेले असावेत. रॅगिंगला आळा घालणारे विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम २००९ सालापासून लागू आहेत आणि प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी व पालक अशा दोघांकडून हमीपत्र घेतले जाते. बहुतेक पालक ते इतर कागदांबरोबर घाईने भरून टाकतात. ते मुलाशेजारी बसून वाचावे. त्यातून संवादाला वाट मिळते. "तुला कोणी त्रास दिला तर", याइतकेच "तू कोणाला त्रास दिलास तर" हेही बोलता येते.

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न आणखी नाजूक होतो. मुलाला पाठवताना आपण खर्चाचा विचार करतो, मुलीला पाठवताना भीतीचा. कित्येक घरांत ही भीतीच अखेर निर्णय घेते आणि मुलीचे शिक्षण गावातल्या शेवटच्या वर्गापाशी थांबते. आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला निघाल्या तेव्हा त्यांचे वय होते अठरा. समुद्र ओलांडणाऱ्या स्त्रीकडे त्या काळी समाज कोणत्या नजरेने पाहत असे, हे सांगायला नको. १८८६ साली त्या पदवी घेऊन डॉक्टर झाल्या. आज आपल्या हातात फोन आहे, रस्ते आहेत, वसतिगृहे आहेत, कायदा आहे. तरीही आपली भीती तीच राहिली असेल, तर ती परिस्थितीची नसून सवयीची आहे. मुलीला दर दोन तासांनी "कोठे आहेस?" असे विचारल्याने ती सुरक्षित होत नाही, ती खोटे बोलायला मात्र शिकते. कोणती वाट टाळायची, कोणावर किती विश्वास ठेवायचा आणि नको त्या माणसाला 'नाही' कसे म्हणायचे, हे तिला आधीच घरी बोलता आले, तर ती खरोखरच अधिक सुरक्षित राहते.

हे सारे वाचताना कोणाच्या मनात असा विचार येईल की, हे शिकलेल्या आईवडिलांना जमेल. आमच्यासारख्यांनी काय शिकवावे? आपल्यापैकी कित्येकांचे शिक्षण मध्येच सुटलेले असेल. कोणी संसाराची जबाबदारी सांभाळून आता पुन्हा पुस्तक हाती घेतले असेल. इंग्रजी अर्ज पाहून, महाविद्यालयाच्या कचेरीत उभे राहून, आपण कमी आहोत असे वाटले असेल. मी प्रवेशाच्या दिवसांत त्या कचेरीत अनेक वर्षे बसले आहे. तेथे मी एकदा भाजी विकणाऱ्या एका आईला पाहिले. अर्ज मुलगी भरत होती. शुल्क भरल्यावर पावती हाती आली, तेव्हा आई मुलीला म्हणाली, "आकडा वाच, शिक्का बघ, मग जागा सोड." दोघी तेथेच उभ्या राहिल्या. मुलीने पावती वाचली, तर तीत पाचशे रुपये कमी लिहिले होते. ती चूक लगेच दुरुस्त झाली. त्या आईला अर्ज वाचता येत नव्हता, पण व्यवहार तिला माझ्याहून अधिक कळत होता.

थोड्या पैशांत महिना निभावणे, नेमकी किंमत विचारणे, उधारी वेळेवर फेडणे, आजारी माणसाला ओळखणे, परक्या गावात माणसे जोडणे ही विद्या कोणत्याही विद्यापीठात शिकवली जात नाही. ज्यांनी कष्टाने घर चालवले आहे ते या विद्येचे खरे जाणकार आहेत. "मी शिकले नाही, मला काय कळते" असे म्हणून ही विद्या स्वतःपाशीच ठेवू नये. मुलांना ती द्यावी, आणि मुलांना जे कळते ते त्यांच्याकडून घ्यावे. मुलगी अर्ज भरत असताना शेजारी बसून "हे काय लिहिलेस?" असे विचारण्यात कमीपणा नाही.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. व्यवहार सोपवणे सोपे नसते. मुलाची कामे आपण करत असतो, तोवर त्याला आपली गरज आहे याचे समाधान आपल्याला मिळत असते. ती कामे त्याच्या हाती देताना आपणच थोडे रिकामे होतो. पुष्कळदा आपण 'त्याला जमणार नाही' असे म्हणतो, तेव्हा मनातून म्हणत असतो, 'मला करमणार नाही.' हे ओळखणे, ही पालकांची परीक्षा आहे, आणि तिला पुस्तक नाही.

हैदराबादच्या बसची वेळ रात्रीची होती. मी सामान मोजत होते. मुलगी माझ्याकडे पाहून हसत होती. बस सुटायच्या आधी तिने एक घडी घातलेला कागद माझ्या हातात दिला. मला वाटले, काही राहिले असेल. घरी येऊन उघडला, तर ती आमच्यासाठी केलेली यादी होती. 'विजेचे बिल दहा तारखेच्या आत. बाबांच्या गोळ्या पंचवीस तारखेला संपतात, तेवीसला आणा. दूधवाल्याचे दोन दिवसांचे पैसे जास्त गेले आहेत, वळते करून घ्या. आई, तू दुपारचे जेवण चुकवू नकोस.'

मी तो कागद अण्णांच्या ट्रंकेच्या झाकणाला, जुन्या यादीशेजारी चिकटवून ठेवला आहे. दर महिन्याच्या तेवीस तारखेला तो मला आठवतो, आणि मी औषधाच्या दुकानाकडे निघते.